अठ्ठावीस तबकड्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कुडव्याच्या घराचा माळा आवरताना एक पत्र्याची पेटी हाती लागली. गोंदिया शहराला कुडवा इतका खेटून आहे की शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते हे आता घरपट्टीच्या पावतीवरूनच कळते. तरी माळे मात्र अजून गावाचेच आहेत. वर टिनाचे छत, खाली धानाची जुनी पोती, तुटका पाळणा, आणि ज्यांना टाकून देण्याचा निर्णय कोणी घेत नाही अशा वस्तू. पेटी भाच्याची होती. तो आमच्याकडे राहून बारावीपर्यंत शिकला आणि आता पुण्यात नोकरी करतो. पेटीत प्लेस्टेशन २ हे यंत्र होते आणि त्याच्या अठ्ठावीस तबकड्या होत्या.

त्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "मामाजी, त्या सीड्या फेकून द्या ना. नेटवर सगळं आहे आता."

मराठीचा प्राध्यापक 'सगळं आहे' हे वाक्य ऐकून गप्प बसू शकत नाही. आमच्या विषयाचा अर्धा इतिहास 'सगळे होते, पण' या शब्दांनी सुरू होतो. म्हणून मी त्या तबकड्या चालवून पाहायचे ठरवले. यंत्राने तबकडी फिरवली, थोडी घरघर केली आणि मान टाकली. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने एका नजरेत निदान केले, "लेन्स गेली, सर. आता मिळत नाही." शेवटी नागपूरच्या एका परिचिताकडून चालते यंत्र आठवडाभरासाठी मागून आणले. अठ्ठावीसपैकी तीन तबकड्या कंपनीच्या, म्हणजे 'ओरिजिनल' होत्या. त्या तिन्ही चालल्या, त्यातली एक पुसून घेतल्यावर. उरलेल्या पंचवीस राइट केलेल्या होत्या, कोणे काळी पन्नास-साठ रुपयांना एक अशा घेतलेल्या. त्यांतल्या नऊ नीट चालल्या, पाच खेळाचे नाव दाखवून थांबल्या आणि अकरा तबकड्या यंत्राला ओळखूच आल्या नाहीत. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. एका माळ्यावरच्या एका पेटीची ही हकीकत आहे. पण तिच्यामागचे कारण मात्र शास्त्रीय आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

कंपनीची तबकडी छापलेली असते. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर साच्याने सूक्ष्म खळगे उमटवतात, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात आणि वरून रोगणाचा लेप देतात. मजकूर हा असा प्लॅस्टिकच्या आकारातच असतो, शिलालेखासारखा. घरी किंवा दुकानात राइट केलेल्या तबकडीत खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्यावर डाग पाडलेले असतात. रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी बदलते. डाग आणि कोरी जागा यांतला फरक हळूहळू पुसट होत जातो. म्हणजे एक कोरलेला मजकूर आणि दुसरा उन्हात ठेवलेल्या कच्च्या शाईचा. दिसायला दोन्ही सारख्याच चकचकीत.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली तबकड्यांच्या जतनाविषयी एक मार्गदर्शिका काढली. दीर्घकाळ साठवणीसाठी तिने ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. हे आकडे वाचून मला आमचा माळा आठवला. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाखाली तो किती असेल याचा अंदाज ज्याने दुपारी माळ्यावर डोके घातले आहे त्यालाच येईल. पुढचे चार महिने भातपट्ट्याचा पाऊस. भिंतीला ओल, पुस्तकांना बुरशी, आणि राइस मिलच्या कोंड्याची बारीक धूळ वर्षभर आहेच. तबकड्यांना वाळवी लागत नाही एवढेच समाधान. तेही अर्धवट, कारण मध्य अमेरिकेतील बेलीझमधून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचे स्पेनच्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले होते.

शिवाय आपण तबकड्यांशी वागलो कसे! चकचकीत बाजू पवित्र, तिला बोट लावायचे नाही. छापील बाजूवर मात्र बॉलपेनने खुशाल नाव लिहायचे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सीडीमध्ये मजकुराचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, केवळ रोगणाच्या लेपाआड असतो. चकचकीत बाजूला जवळपास सव्वा मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक आहे. तिथला ओरखडा घासून काढता येतो. वरच्या बाजूचा ओरखडा म्हणजे मजकूरच खरवडून काढणे. डीव्हीडीत दोन पातळ चकत्यांच्या मधोमध थर असल्याने ती या बाबतीत सुरक्षित, पण तिथे दोन चकत्या जोडणारा गोंद हा कच्चा दुवा ठरतो. (प्लेस्टेशन २ चे काही खेळ सीडीवर आणि बहुतेक डीव्हीडीवर असत. सीडीवाल्यांची खालची बाजू निळी असते. ज्यांच्याकडे निळ्या तबकड्या असतील त्यांनी आधी त्यांची काळजी करावी.) भाच्याने प्रत्येक तबकडीवर निळ्या बॉलपेनने खेळाचे नाव आणि आपले नाव, दोन्ही कोरली होती. मालकी सिद्ध झाली, मजकूर गेला.

छापील तबकड्याही अमर नाहीत. रोगणाचा लेप सदोष असला तर हवा आत शिरते आणि ॲल्युमिनियम काळवंडते. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या कित्येक संगीताच्या सीड्या तांबूस होऊन बाद झाल्या. तिथे ॲल्युमिनियमऐवजी चांदी वापरली होती, आणि वेष्टनाच्या कागदातील गंधकाला रोगण पुरे पडले नाही. कागदाने तबकडीचा घात करावा, हा योगायोग ग्रंथप्रेमी मंडळींना गमतीचा वाटेल. मात्र असे अपवाद सोडले तर नीट बनवलेली आणि नीट ठेवलेली छापील तबकडी कित्येक दशके टिकते. पहिल्या पिढीच्या खेळांच्या तबकड्या आता तिशीच्या घरात आहेत आणि बहुसंख्य चालतात.

मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. पोथी म्हातारी होताना दिसते. कडा पिवळ्या पडतात, शाई फिकट होते, वाचणारा सावध होतो, नक्कल करून ठेवतो. तबकडी तसे काही दाखवत नाही. तिच्यात चुका दुरुस्त करणारे गणित अंतर्भूत असते. थोडा मजकूर गेला तरी उरलेल्या मजकुरावरून यंत्र गेलेला भाग भरून काढते आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते. झीज आत साठत राहते. एके दिवशी ती गणिताच्या आवाक्याबाहेर जाते आणि मग तबकडी एकदमच बंद पडते. काल चालत होती, आज नाही. आजारपण न दाखवता जाणारी माणसे असतात, तशी ही वस्तू आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जपान, अमेरिका किंवा युरोपात जुन्या खेळांच्या टिकाऊपणाची चर्चा होते तेव्हा ती छापील तबकड्यांची असते. तिथल्या संग्राहकाच्या कपाटात वेष्टनासह ओळीने लावलेले मूळ खेळ असतात. आपल्याकडे, विशेषतः तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत, एका पिढीचा खेळानुभव जवळजवळ पूर्णपणे राइट केलेल्या तबकड्यांवर उभा आहे. मूळ खेळ हजार-दीड हजारांना. यंत्रात एक चिप बसवून घेतली की तोच खेळ पन्नास रुपयांना. निम्न मध्यमवर्गीय घरातला मुलगा काय करणार? मी त्याचे समर्थन करत नाही आणि नीतिपाठही देत नाही. पण परिणाम असा झाला की जगातील सर्वांत अल्पायुषी माध्यमावर, जगातील तबकडीला सर्वाधिक प्रतिकूल हवामानांपैकी एका हवामानात, आपण आपल्या मुलांचे बालपण साठवले. त्याची मुदत आता संपत आली आहे.

यावर भाच्याचे उत्तर तयार आहे: 'नेटवर सगळं आहे.' हे उत्तर निव्वळ खोटे नाही. उलट आमच्या वाङ्मयेतिहासातला सर्वांत मोठा दाखला त्याच्याच बाजूने आहे. रिद्धपूरला म्हाइंभटाने सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धामधुमीच्या काळात हरपली, आणि हिराइसेसारख्यांना ती मुखोद्गत होती म्हणून पुन्हा लिहिता आली, असे महानुभाव परंपरा सांगते. मूळ प्रत वाचली नाही. आठवण आणि नकला वाचल्या. मग मूळ तबकडीचा एवढा सोस कशाला?

सोस पाठासाठी. पुन्हा लिहिले गेलेले 'लीळाचरित्र' एक राहिले नाही. त्याचे पाठ झाले, आणि त्या पाठांतून मूळ शोधण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. अगदी हेच आपल्या डोळ्यांदेखत एका खेळाच्या बाबतीत घडले आहे. 'क्रिकेट ०७' हा खेळ २००६ च्या अखेरीस आला. इ.ए. कंपनीने त्यानंतर ती मालिका पुढे नेली नाही. भारतीय उपखंडात मात्र तो मेला नाही. हौशी मुलांनी त्यात नवे संघ घातले, नवे गणवेश रंगवले, आयपीएल आणले, मैदाने बदलली. आजही संगणकावर तो खेळणारे आहेत, आणि त्यांच्यातले कित्येक जण खेळ आला तेव्हा जन्मलेही नव्हते. लोकपरंपरेने एखादी कृती जिवंत ठेवावी तशी ती ठेवली आहे. मला या मुलांचे मनापासून कौतुक वाटते.

परंतु मूळ तबकडीत काय होते? इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मंडळांचे परवाने कंपनीने घेतले होते, इतरांचे नव्हते. म्हणून त्या दोन संघांतले खेळाडू खऱ्या नावांनी आणि आपले खेळाडू मोडतोड केलेल्या नावांनी मैदानात उतरत. क्रिकेटचा पैसा आणि प्रेक्षक भारतात, आणि क्रिकेटच्या खेळात भारतीयांनाच त्यांचे नाव नाही! त्या काळातील सत्तासंबंधांवर भाष्य करायला याहून बोलका पुरावा कुठे मिळेल? आपल्या मुलांनी सर्वांत आधी दुरुस्त केली ती हीच गोष्ट. नावे बरोबर करून टाकली. अगदी स्वाभाविक आहे. लेखनिकही चुकीचा वाटलेला शब्द असाच सुधारून टाकत असे. पण आज नेटवर 'क्रिकेट ०७' शोधणाऱ्याला बहुतेक वेळा ही सुधारलेली आवृत्ती मिळते, आणि तीच मूळ वाटते. भाच्याच्या तीन ओरिजिनल तबकड्यांत 'क्रिकेट ०७' आहे. ती लावली, रिची बेनॉ यांचा आवाज ऐकला, भारतीय संघाची यादी उघडली. ती विद्रूप नावे वाचताना मला एखाद्या जुन्या पोथीत अस्सल पाठ सापडल्याचा आनंद झाला. हे ऐकून भाचा म्हणाला, "मामाजी, तुम्ही खेळले का नाही मग?" खेळलो. अकरा धावांत सर्वबाद.

महानुभावांचा आणखी एक धडा इथे लागू पडतो. आपले ग्रंथ त्यांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यामुळे ते पंथात सुरक्षित राहिले आणि बाहेरच्या मराठी वाचकाला शेकडो वर्षे बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठे आद्य मराठी गद्याचे भांडार उघडले. खेळाच्या प्रत्येक तबकडीवर अशी एक सकळ लिपी असते. ती विशिष्ट यंत्रालाच वाचता यावी, नक्कल ओळखू यावी यासाठीची कुलपे. प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ पर्यंत थांबले. पंधरा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली हे खरे, पण प्रत्येकाची लेन्स आमच्या लेन्सच्याच वाटेने चालली आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवरची खाच भिंगातून दिसते, आणि सुई व कर्णा जोडून कोणीही ती वाजवू शकेल. या तबकडीचे तसे नाही. शेवटचे यंत्र गेले की जुने यंत्र संगणकात हुबेहूब उभे करणारी इम्युलेटर नावाची आज्ञावली हाच राजवाड्यांचा मार्ग उरतो. तो मार्ग हौशी प्रोग्रामरांनी बांधला आहे, कंपन्यांनी नव्हे, आणि त्यातले पुष्कळ काम विनामोबदला झाले आहे.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो ते मी मुद्दाम पाहिले. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा मिळाली. अट अशी की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे. पुस्तकासाठी ही अट रास्त आहे. पण जी कृती जन्मतःच डिजिटल आहे तिची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? संगणकाच्या आज्ञावलीची बॅकअप प्रत ठेवण्याची सवलत वैध धारकाला वेगळ्या तरतुदीने आहे, तीही तात्पुरत्या संरक्षणापुरती. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईतल्या ग्रंथालयासह आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. नंतर त्यात वृत्तपत्रे आली. खेळ आले नाहीत. कवितेचा सुमार संग्रह सरकारदरबारी जमा होतो (आणि झालाच पाहिजे, त्यात माझाही एक आहे), पण शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे घडवलेला खेळ कुठेही जमा होत नाही.

'परक्यांचे खेळ, परके सांभाळतील' असे कोणी म्हणेल. पण आपलेही होते. 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात तयार झालेल्या पहिल्या कन्सोल खेळांपैकी एक, २००९ चा. त्याच वर्षीच्या 'देसी अड्डा'त कबड्डी आणि विटीदांडू होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये गल्लीक्रिकेटचा खेळ काढला आणि पुढच्या वर्षी 'रा.वन' या चित्रपटावरचा. पाश्चात्त्य बाजारात प्लेस्टेशन २ मोडीत निघत होते तेव्हा ते इथे स्वस्त झाले होते, म्हणून हे खेळ त्या यंत्रासाठी निघाले. खेळ म्हणून ते सुमार आहेत, काही तर रटाळ आहेत. मग काय झाले? विटीदांडू पडद्यावर आणताना विटीचा कोल कसा दाखवावा हा प्रश्न कोणातरी आपल्या माणसाला पडला होता आणि त्याने त्याचे काहीतरी उत्तर काढले होते. ते उत्तर या तबकड्यांत आहे. जपानी अभिजात खेळांचे जतन करायला जगभर माणसे आहेत. 'देसी अड्डा'चे जतन जपानी माणसाने करावे अशी अपेक्षा ठेवणे लाजिरवाणे आहे. चित्रपटांच्या बाबतीत आपण हा धडा फार महाग शिकलो. 'आलम आरा' पूर्ण हरवला, 'राजा हरिश्चंद्र' अखंड उपलब्ध नाही, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत संग्रहालयातील नायट्रेट फिती जळाल्या. तेव्हाही 'तमाशातली करमणूक, तिचे काय जपायचे' असेच पहिल्या पिढीला वाटले असावे.

नव्या खेळांची तर तबकडीही उरली नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कोणत्याही रूपात मिळत नव्हते. ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे मोजून तबकडी घेतली होती त्यांच्या हाती निव्वळ प्लॅस्टिक राहिले. त्या मानाने माळ्यावरची पेटी भाग्यवान. ती स्वतःच्या मरणाने मरते आहे, कोणी दूर बसून तिचा खटका बंद केलेला नाही.

सुट्टी संपल्यावर त्या तीन तबकड्या घेऊन मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. आमचे ग्रंथपाल सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी दाखल नोंदवही उघडली. लेखक या रकान्यात काय लिहायचे यावर आम्ही थोडा वेळ अडलो आणि कंपनीचे नाव लिहिले. प्रकाशक पुन्हा तीच. पृष्ठसंख्येच्या रकान्याशी त्यांचे पेन थांबले.

"सर, इथे काय?"

मी म्हटले, रेघ मारा. त्यांनी रेघ मारली, शिक्का तबकडीवर मारायला निघाले, तो मी घाईने वेष्टनावर मारायला लावला. आता त्या लोखंडी कपाटात शब्दकोशांशेजारी उभ्या ठेवल्या आहेत, सोबत औषधांच्या बाटलीत येते तशी ओल शोषणारी पुडी. चाललेल्या नऊ राइट केलेल्या तबकड्यांतला मजकूर मी संगणकावर उतरवून घेतला आहे. कायदेशीरपणा विचारू नये. उरलेल्या सोळा अजून पेटीतच आहेत. टाकवत नाहीत, कारण त्यांच्यावर बॉलपेनने दहावीतल्या मुलाचे अक्षर आहे, आणि तेवढेच त्यांच्यावर आता वाचता येते.